टॉवेलाखाली ठरलेला भाव

आण्णांनी खांद्यावरचा टॉवेल झटकला, लवट्यांच्या उजव्या हातावर टाकला आणि त्याखाली स्वतःचा हात घातला. अंगणात कडुनिंबाखाली बाजेवर दोघे समोरासमोर बसले होते. मी चहाचे कप घेऊन दारात उभी. लवटेबाई पायरीवर, पर्स मांडीवर घट्ट धरून. टॉवेल जरासा इकडे हलला, जरासा तिकडे.

"हे. आन् वर हे," आण्णा लवट्यांच्या डोळ्यांत बघत म्हणाले.

लवट्यांनी मान हलवली.

आण्णांनी पुन्हा काहीतरी धरलं, काहीतरी सोडलं. लवट्यांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी पुन्हा मान हलवली, मग बायकोकडे बघितलं, मग माझ्याकडे.

लवटेबाईंनी मला हळूच विचारलं की हे चाललंय तरी काय. मी म्हणाले, घराचा भाव चाललाय. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायच्या. आकडा असा फडक्याखाली झाकून ठेवलेला त्यांनी जन्मात पाहिला नसावा.

माझे वडील तातोबा बाबर हे सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारातले हेडी. बैलांच्या खरेदी-विक्रीत मध्ये पडणारा माणूस तो हेडी. चाळीस वर्षं त्यांनी बैल विकले आणि घेतले, पण भाव म्हणून कधी तोंडाने उच्चारला नाही. टॉवेलाखाली समोरच्याची बोटं धरायची. किती बोटं धरली, कुठलं पेर दाबलं, त्यावरून आकडा. भोवती पन्नास बघे उभे असले तरी भाव त्या दोघांनाच ठाऊक. विसार, म्हणजे सौद्याची पहिली रक्कम, हातात पडेपर्यंत तो तिसऱ्याला सांगायचा नाही, मग तो तिसरा पोटचा असो की पाठचा. आण्णा ना वाचायला शिकले ना लिहायला, पण या एका कायद्यापुढे त्यांना सुप्रीम कोर्टही लहान वाटायचं.

"ठरलं," आण्णा म्हणाले.

"ठरलं," लवटे म्हणाले.

आण्णांनी टॉवेल उचलून खांद्यावर टाकला आणि चहा मागितला.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. मी कोल्हापुरात एका शाळेत ग्रंथपाल. एकटी, कारण लग्न एक वर्ष टिकलं आणि दुसऱ्याची मला हौस नव्हती. आण्णांना कोल्हापूरला घेऊन जायचं म्हणून मी वर्षभर त्यांच्या मागे लागले होते. माझ्या भाड्याच्या खोलीत दोन माणसं मावत नव्हती, म्हणून तळमजल्यावरचं एक घर बुक करून ठेवलं होतं. पायऱ्या चढायला नकोत, दारात ऊन येतं, समोर बाग. त्याचे शेवटचे पैसे सांगोल्याच्या घरातून यायचे होते आणि महिनाअखेर ते भरले नाहीत तर घर हातचं जाणार होतं. आण्णा आधी नाही म्हणाले, मग गप्प बसले, मग एक दिवस म्हणाले, ठीक हाय, पण सौदा मी करणार. मी जिंकले असं मला वाटलं होतं.

पाव्हणे गेल्यावर मी विचारलं, किती?

"विसाराच्या दिशी कळंल."

"आण्णा, मी तुमची मुलगी आहे."

"म्हून तर सांगत न्हाई. हेड्याची लेक हायस, एवढा दम धर."

विसार गुरुवारी ठरला होता, चार दिवसांनी. मी आडून विचारलं, रागावून विचारलं, जेवताना बेसावध गाठून विचारलं. त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. उलट त्यांना मजा येत होती. मी अडीच लाखांच्या वर असेल असा अंदाज बांधला आणि रजा वाढवून घेतली.

बुधवारी सकाळी आण्णा नळावर तोंड धुताना पडले.

मी धावत गेले तेव्हा त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं होतं आणि उजवा हात मोरीच्या कठड्यावर नुसता पडला होता. शेजाऱ्यांच्या जीपने मिरजेला नेलं. दहा दिवस तिथे काढले. जीव वाचला, डावी बाजू शाबूत राहिली, पण उजवी गेली आणि वाचाही गेली. तोंडातून फक्त "ब्बा" असा एक आवाज यायचा. डॉक्टर म्हणाले, समजतं त्यांना, निदान बरंचसं. एकटं ठेवू नका. मी म्हणाले, नाही ठेवणार. त्या दिवसापासून ते तळमजल्याचं घर मला घर वाटेनासं झालं. माझ्या बापाला ठेवायला जगात तेवढी एकच जागा उरली आहे असं वाटायला लागलं.

आम्ही सांगोल्याला परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी लवटे नवराबायको मोसंबी घेऊन भेटायला आले. माणसं सभ्य. आधी तब्येतीची विचारपूस झाली, मिरजेचा खर्च, औषधं. लवटे वीज मंडळात नोकरीला, सोलापूरच्या एका शिंप्याचा मुलगा, मान खाली घालून बोलणारा. बाई मात्र सरळ मुद्द्यावर आल्या. त्यांचं पतसंस्थेचं कर्ज मंजूर झालं होतं, विसार कधी घेता?

मी म्हणाले, उद्याच घेते. तेवढं किती ठरलंय ते सांगा.

लवटेबाई हसल्या. "तुम्ही सांगा ना शालनताई. घर तुमचं."

"आण्णांनी मला सांगितलं नाही. रीतच आहे तशी."

"मला यांनी सांगितलंय. पण आधी तुमच्याकडून ऐकलेलं बरं."

"माझ्याकडे ऐकवायला काही नाहीच तर काय ऐकवू? तुमच्याकडे आहे ना, तुम्ही बोला."

"म्हणजे मी बोलले की तुम्ही म्हणणार, एवढाच कसा?"

असं आमचं अर्धा तास चाललं. तुम्ही आधी, नाही तुम्ही आधी. एखाद्याने लांबून बघितलं असतं तर त्याला वाटलं असतं, बायका लाडूचा आग्रह करतायत. माझं डोकं फिरायची वेळ आली. ही बाई आकडा माहीत असून दाबून ठेवतेय असं मला वाटत होतं, आणि मी माहिती नसल्याचं सोंग करतेय अशी तिची खात्री झालेली. लवटे मधे बसून मोसंबीची पिशवी चाळवत होते. एकदा मी थेट त्यांनाच विचारलं, तर ते म्हणाले, "आण्णा बरे होऊ देत, तेच सांगतील." बायकोने त्यांच्याकडे असं बघितलं की ते उठून चपला शोधायला लागले.

ते गेल्यावर मी आण्णांपाशी बसले. म्हटलं, आण्णा, मी आकडे बोलते, बरोबर आला की मान हलवा. दोन लाख? त्यांनी मान हलवली. मला हायसं वाटलं नाही, कारण आकडा कमी होता. सव्वादोन? मान हलवली. अडीच? हलवली. मी मुद्दाम म्हटलं, दहा लाख? आण्णांनी मान हलवली आणि डोळे मिटले. त्यांना समजत होतं का नव्हतं, की समजून उमजून ते मला काही दुसरंच सांगत होते, मला काही कळेना. मी पदराने डोळे पुसले आणि त्यांना पेज भरवली.

दोन दिवसांनी भर दुपारी लवटे एकटेच आले. सायकल बाहेर लावली आणि दारातच उभे राहिले.

"ताई, एक सांगायचंय. बायकोला कळू देऊ नका."

मी बसायला सांगितलं. ते बसले नाहीत.

"आण्णांनी माझी बोटं धरली ना, त्यातलं मला ओ की ठो कळलं नाही. मी सोलापूरच्या गल्लीतला. बैल मी फक्त पोळ्याला बघितलेला."

"मग मान का हलवलीत?"

"ते असे बघत होते की मला वाटलं, न कळणं म्हणजे त्यांचा अपमान. आणि बायकोसमोर कसं म्हणू, मला कळत नाही? म्हटलं, विसाराला आकडा बोलतील तेव्हा कळेल."

"आणि बायकोला काय सांगितलंत?"

"दोन दहा." त्यांनी खाली बघितलं. "घरी गेल्या गेल्या तिने विचारलं. काहीतरी सांगायला हवं होतं. तिने दोन लाख दहा हजारांच्या हिशेबाने कर्ज काढलं."

मी डोक्याला हात लावला. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आलं हसू. म्हणजे सौदा झाला होता, दोघांनी ठरलं म्हटलं होतं, आणि भाव जगात एकाच माणसाला ठाऊक होता. तो माणूस आत पलंगावर पडून छताकडे बघत होता.

लवटे म्हणाले, दोन दहाला देऊन टाका, मिटलं. दोन दहात माझं कोल्हापूरचं घर होत नव्हतं. मी अडीच म्हणाले असते तर त्यांची बायको मला चोर म्हणाली असती, आणि एका अर्थी बरोबरच म्हणाली असती. शिवाय आण्णांनी जबान दिली होती. ते दोन ऐंशीला बोलले असतील तर कमीत विकून मी त्यांना फसवलं असतं. दोनला बोलले असतील तर जास्त घेऊन मी त्यांना खोटं पाडलं असतं. आयुष्यभर ज्या माणसाने शब्द फिरवला नाही त्याचा शब्दच मला माहीत नव्हता. मी रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले.

सकाळी मला बाबालालचाचा आठवले.

बाबालाल मुलाणी हे बाजारातले दुसरे जुने हेडी. आण्णांचे दोस्त आणि आण्णांचे वैरी, दोन्ही. एका बैलावरून पाच वर्षं बोलणं बंद होतं, आणि आई गेली तेव्हा तीन दिवस हेच आमच्या अंगणातून हलले नव्हते. मी त्यांच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं.

"डावा हात चालतो का त्याचा?"

"चालतो."

"मग येतो. शुक्रवारची नमाज झाली की येतो. त्या पाव्हण्यांनाबी बोलीव."

शुक्रवारी दुपारी सगळे जमले. लवटेबाईंना मी एवढंच सांगितलं होतं की आण्णांच्या जुन्या सहकाऱ्याला त्यांची भाषा कळते, ते आकडा विचारून घेतील, म्हणजे माझा शब्द नको आणि तुमचाही नको. त्यांना ते पटलं. लवट्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या गळ्यातला फाशीचा दोर कापला. आम्ही आण्णांना उचलून बाजेवर आणून बसवलं, पाठीला उशा दिल्या. बाबालालचाचा समोर बसले, त्यांनी स्वतःच्या खांद्यावरचं फडकं काढलं, आण्णांच्या डाव्या हातावर टाकलं आणि आत हात घातला.

फडकं हललं, थांबलं. चाचा आण्णांच्या डोळ्यांत बघत होते आणि आण्णा चाचांच्या. आजारी पडल्यापासून आण्णांची नजर भिरभिरती झाली होती, पण त्या वेळी ती एका जागी होती. ते मला इतके पूर्वीसारखे दिसले की मला भरून आलं. फडकं पुन्हा हललं. चाचांनी मान हलवली, नाही म्हटल्यासारखी. मग आणखी एकदा. मला वाटलं, त्यांना आकडा नीट लागत नाहीये. शेवटी त्यांनी हात काढून घेतला, फडक्याने तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "दोन चाळीस."

लवटेबाई ताडकन उभ्या राहिल्या. "यांनी मला दोन दहा सांगितलं होतं."

"मग यांना नीट उमगलं नसंल," चाचा म्हणाले. "बोटं पहिल्यांदाच धरली त्यांनी. हुतं आसं."

बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. लवट्यांनी पहिल्यांदाच मान वर केली आणि म्हणाले, "चुकलं माझं. चाळीसच होते. आता आठवतंय." एवढ्या खोट्याबद्दल मी त्या माणसाला जन्मभर दुवा दिला. बाईंनी ओठ आवळले. मग म्हणाल्या, माझ्या पाटल्या मोडते, पण खरेदीखत याच महिन्यात हवं.

विसार त्याच दिवशी झाला. खरेदीखताला आण्णांचा डावा अंगठा मीच धरून उमटवला. अंगठा फार ताठ होता, दोनदा कागदावरून घसरला. मला वाटलं, आजारपणाने.

आण्णा कोल्हापुरात दोन वर्षं जगले. दारात ऊन यायचं, समोर बाग होती. मी शाळेतून सुटले की तडक घरी यायचे. त्यांना कशाची कमी पडू दिली नाही, हे मी कुणासमोरही सांगेन. एका सकाळी झोपेतच गेले.

त्यानंतर सात वर्षांनी बाबालालचाचा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी कोल्हापूरला आले. मी त्यांना मुद्दाम घरी नेलं. एका डोळ्याला हिरवी पट्टी, हातात काठी. दारातल्या उन्हात खुर्ची टाकून दिली, शिरा केला. गप्पा बाजारावर आल्या, बाजार आता उरला नाही म्हणाले, मोबाइलवर भाव बोलतात. मी सहज म्हटलं, तुम्ही त्या दिवशी नसता तर आम्ही कुठेच गेलो नसतो.

त्यांनी शिऱ्याची बशी खाली ठेवली.

"शालन, त्या दिशी तातोबानं आकडा दिलाच न्हवता."

मला आधी कळलंच नाही ते काय म्हणतायत. म्हटलं, मग दोन चाळीस?

"ती मी केली किंमत. दारात उभं ऱ्हाऊन घर बघितलं, जनावर बघतो तसं. लबाडी न्हाई केली. वाजवी हुती."

"पण मग ते काय सांगत होते? हात हलताना मी बघितला होता."

"मी बोट फुडं केलं, त्यानं घेतलं न्हाई. दुसरं केलं, घेतलं न्हाई. मग त्यानं माझी चारी बोटं मिटीवली." चाचांनी एका डोळ्याने माझ्याकडे बघितलं. "बाजारात आसं मिटीवलं म्हंजी जनावर इकायचं न्हाई. दावणीलाच ऱ्हाणार. मी म्हणलं, आरं, तुझी पोर उभी हाय. त्यानं पुन्यांदा मिटीवली."

"म्हणजे लवट्यांच्या वेळी ठरलं म्हणाले ते?"

"ते मला काय ठावं, पोरी. तवा इकायचं आसंल. आजारात माणसाचं मन बदलतं."

"मग तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"तुझ्या तोंडाकडं बघितलं. महिन्याची मुदत, तू येकटी. तो सांगोल्यात कुणाच्या जिवावर ऱ्हायला आसता? मी चाळीस वर्सात एकच सौदा खोटा केला, तो माझ्या दोस्ताचा."

मला राग आला, आणि राग करावा तर त्यांनी केलं ते मीच केलं असतं. मी विचारलं, कसं मिटवतात ते दाखवा. ते नको म्हणाले. मी हात पुढे करून बसले.

त्यांनी माझा हात घेतला. चारी बोटं हळूच आत दुमडली, वरून आपला तळवा ठेवला आणि दाबला.

कोल्हापुरातल्या त्या दोन वर्षांत, रोज संध्याकाळी मी येऊन पलंगाशी बसले की आण्णा डाव्या हाताने हेच करायचे. माझी बोटं मिटवायचे, दाबून धरायचे आणि माझ्या डोळ्यांत बघत राहायचे. मी म्हणायचे, होय आण्णा, आले मी. ते पुन्हा मिटवायचे. मी पुन्हा म्हणायचे, आले ना. बाप किती माया करतो बघा, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ते कौतुकाने दाखवत असे.